आण्णांच्या पुण्यतिथीची आमटी

ज्या मुलीबद्दल मी लिहिणार आहे ती आज माझ्या दारात आली असती, तर दोन घास खाऊ घालून मी तिला वाटेला लावली असती. कामावर काही ठेवली नसती. वय विशीच्या आतबाहेर, मराठी चार बुकं शिकलेली, आणि आपल्यावाचून मुरुम गावात दिवस उगवत नाही अशी पक्की समजूत. नवरा लग्नाच्या पहिल्याच वर्षी तापानं गेला. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली, माहेरच्यांनी बोर्डिंगात स्वयंपाकाला आणून सोडली. एवढं सोसल्यावर माणसाच्या अंगी थोडी नम्रता येते म्हणतात. माझ्या वाट्याची बहुधा वाटेत दुसऱ्या कुणी उचलली असावी.

होय, ती मुलगी मीच. बोर्डिंगची पोरं मला आक्का म्हणायची. काही पोरं माझ्याएवढीच होती, तरी आक्का. मला ते फार आवडायचं.

निजामाचं राज्य होतं. खेड्यातल्या पोराला पुढं शिकायचं तर मुरुमला यायचं, शाळेत उर्दूत शिकायचं, आणि राहायचं कुठं ते आपलं आपण बघायचं. वाण्या-बामणांच्या पोरांना कुणाच्या तरी ओसरीवर जागा मिळे. ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्यांना ओसरी सोडा, ओसरीची सावलीही मिळत नसे. त्यांच्यासाठी आण्णांनी बोर्डिंग काढलं आणि त्यात सगळ्याच जातींची पोरं घेतली. आण्णा आमच्याच लिंगायताच्या आडत दुकानातले. हैदराबादेत वकिली शिकून आले ते काळा कोट आणि अजब डोकं घेऊन. गावचा सरकारी आड सगळ्यांना खुला व्हावा म्हणून त्यांनी मार खाल्ला, तुरुंगात बसून आले, आणि आल्यावर पुन्हा आडाच्या काठावर जाऊन बसले. शेवटी आड उघडला. गावानं आण्णांना मात्र मनातून बरीच वर्षं बंदच ठेवलं.

बोर्डिंगात त्यांचा कायदा एकच. चूल एक, पंगत एक, पाण्याचा रांजण एक. रांजण त्यांनी स्वतः कुंभाराकडून निवडून, बैलगाडीत मांडीशी धरून आणला होता. चिंचेखाली वाळूत अर्धा पुरलेला, भोवती ओलं गोणपाट. पंगतीला पाणी वाढायचं काम पोरांकडं पाळीपाळीनं, आणि पाळीत जात बघायची नाही.

मी अशा सुधारकी ठिकाणी कामाला आले म्हणून स्वतःला मोठी सुधारक समजत होते. पहिल्याच दिवशी वाढायला निघाले. सास्तूरचा केरबा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, अंगानं थोराड, मिसरूड फुटलेला, पंगतीत बसला होता. त्याच्या ताटाशी आल्यावर माझा हात आपोआप वर गेला आणि भाकरी मी वरून सोडली. त्यानं ती हवेतच झेलली आणि शांतपणे म्हणाला, "आक्का, भाकरी हाय. चेंडू न्हवं."

सगळी पंगत हसली. मी चुलीपाशी जाऊन धुराच्या नावावर थोडी रडले. दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात भाकरी इतकी वाकून ठेवली, की पदर त्याच्या आमटीत बुडाला. "आता लईच जवळ आला," तो म्हणाला. तेव्हापासून आमचं जमलं.

बोर्डिंगचा स्वयंपाक घरच्यासारखा नसतो, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. घरी माणसं बघून पीठ घेतात. बोर्डिंगात पीठ बघून माणसांचं बघावं लागतं. त्यात लढाईचे दिवस. सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत धान्य जायचं, उरलेलं आडत्यांच्या मर्जीवर. जवारीची भाकरी थापताना हात थांबला तर तवा करपतो, आणि तवा थांबला तर बाहेर पोरं थाळ्या वाजवतात. तुरीची डाळ असेल त्या दिवशी आमटी, नसेल त्या दिवशी हुलग्याचं माडगं, आणि दोन्ही नसेल त्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं पोरांना उपासाचं महत्त्व सांगायची.

सगळ्यात अवघड मीठ. त्या काळी मीठ खड्याचं. मोठ्या भांड्यात ते चमच्यानं नाही, मुठीनं पडतं. म्हणून मूठ कुणाची हे ठरलेलं असावं लागतं. माझ्या जोडीला कोंडाबाई होती, कुणब्याची, माझ्या आईच्या वयाची, तोंडानं फटकळ. तिची मूठ म्हणजे लहानसं सूप. तेव्हा आमचा करार असा, की आमटीचं मीठ माझ्या मुठीचं, भाजीचं तिच्या. आणि घालण्याआधी एकमेकींना सांगायचं नाही, कारण सांगितलं की भांडण. चाखून बघितलं की मिटलं.

आण्णा एका चैत्रात गेले. पंधरवडाभर ताप, आणि संपलं. वर्षभर बोर्डिंग त्यांच्या नावाच्या धाकावर चाललं. वर्ष सरत आलं तसे सिद्रामप्पा शेट एका सकाळी आले. हे गावच्या पंचांतले मुख्य. बोर्डिंगची जवारी यांच्याच आडतीवरून यायची. माणूस वाईट नव्हता. दारी आलेल्याला उपाशी पाठवायचा नाही. पण पाण्याच्या बाबतीत इतका कडक, की कुठंही जेवायला गेला तरी घरचा तांब्या बरोबर. आमच्या धर्मात जातपात नाही असं तो गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगायचा. तेव्हा दुसऱ्या हातात तांब्या असायचा.

बोर्डिंगचे गुरुजी त्यांच्यापुढं हात जोडून उभे. मी दाराआड, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशी.

"गुरुजी, आण्णा ग्येला. त्याचा हट्टबी त्याच्याबरोबर ग्येला," शेट म्हणाले. "पुण्यतिथी हू द्या थाटात. म्या सगळ्या पंचाला घिऊन यितो. पर त्या दिवशी जेवण झाल्यावर ठरवून टाकू. रांजण दोन. त्या पोरांचा येगळा. न्हाय तर माझ्या आडतीवरनं दाणा यायचा न्हाय. गावात मला त्वांड दावायचं हाय."

गुरुजींनी जोडलेले हात तसेच ठेवले. दाणा नाही तर बोर्डिंग नाही, हे त्यांना ठाऊक होतं. केरबा रांजणाशी गोणपाट भिजवत होता. त्यानं सगळं ऐकलं. संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आक्का, दुसरा रांजण आला त्या दिशी म्या सास्तूरला."

"अरे, मॅट्रिकला एक वर्ष उरलंय."

"ढोरं राखीन. ढोरं एका डोहावर पाणी पित्यात."

त्याच्या वस्तीतून इतकं शिकलेलं कुणी नव्हतं. बाप त्याचा दर महिन्याला चालत यायचा, पोरगा कसा दिसतो ते लांबून बघून जायचा. मी त्याला जास्तीची भाकरी दिली. त्या वयात माझ्यापाशी सगळ्या दुःखावर तेवढंच औषध होतं.

आता पुण्यतिथी. पोरांना सभा हवी होती. आण्णांनी काय केलं ते गावापुढं बोलायचं होतं. पण सभेला तहसीलची इजाजत लागे, आणि आण्णांच्या नावाला ती मिळणं कठीण. गुरुजींनी तोड काढली. "जेवणावळीला इजाजत लागत नाही. आपण जेवण घालू. आण्णांनी जे केलं ते बोलून दाखवायचं नाही, वाढून दाखवायचं. सगळे एका पंगतीत, एका रांजणाचं पाणी." पोरांनी वाढायची कामं वाटून घेतली. केरबानं पाणी मागून घेतलं.

म्हणजे सभा माझ्या चुलीवर आली. झालं! माझे पाय जमिनीला लागेनात. मी मनात ठरवलं, की भाषणाला बंदी पुरुषांच्या; स्वयंपाकीण दोन शब्द बोलली तर कोण अडवणार? मी भाषण रचलं. त्यात 'आण्णा म्हणजे अज्ञानाच्या अंधारातली समई' असं एक वाक्य होतं, ज्यावर मी स्वतःच भाळले होते. दुपारी गोठ्यामागं जाऊन गुरुजींच्या म्हशीपुढं मी ते म्हणून बघायची. म्हैस समईपर्यंत नीट ऐकायची, मग शेपटी मारायची. मला वाटायचं, तिला पटलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुण्यतिथीच्या सकाळी मी जाहीर केलं, "आजचा स्वयंपाक आण्णांचा नैवेद्य आहे. फोटोपुढं ठेवल्याशिवाय कुणी चाखायचा नाही. प्रसाद आहे हा."

कोंडाबाईनं कपाळाला हात लावला. "आगं, घातकी, शंभरभर माणूस. चाखल्याबिगर कळंल कसं?"

"माझा अंदाज आहे."

"तुजा अंदाज म्या म्हशीपुढं बगितलाय," ती म्हणाली.

मी मान उडवली. आमटीला उकळी आली, माझ्या हिशेबानं मुठी घातल्या, आणि समई एकदा शेवटची घासून यावी म्हणून गोठ्यामागं गेले. आले तेव्हा पंगत मांडायची घाई. फोटोला हार, पुढं नैवेद्याचं ताट, आणि ॲल्युमिनियमची ताटं, ज्याला आम्ही जर्मनची म्हणायचो, चिंचेखाली ओळीनं. ऊन असं, की चिंचेची सावलीही तापलेली.

सिद्रामप्पा शेट आले, मागं चार पंच, आणि प्रत्येकाच्या हातात आपापला तांब्या. पोरांच्या मधोमध त्यांना बसवलं. बसले, कारण पंगत आण्णांची. पण तांबे मांडीजवळ ओढून घेतले. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी तकरीर, म्हणजे भाषण, होते का ते बघायला एक जवान पाठवला होता. गुरुजींनी त्यालाही ताट दिलं. केरबा रांजणापाशी घागर भरून उभा. कुणाकडं बघत नव्हता.

भाकरी पडली, भाजी पडली, आमटी पडली. मी ओचा खोचला, घसा खाकरला, समई तोंडाशी आली. तेवढ्यात मागून कोंडाबाई कानाशी लागली.

"बरं झालं म्या आमटीत मीठ टाकलं. तू भाषणाच्या नादात इसरली व्हतीस."

समई तिथंच विझली.

तिच्या मुठीचं माप मी वर सांगितलंच आहे. मी पंगतीकडं बघितलं. पहिला घास गेला होता. पोरांच्या भुवया वर गेल्या, पण पोरं बोर्डिंगची; त्यांनी याहून भयंकर खाल्लं होतं. पंचांचे डोळे मोठे झाले. सिद्रामप्पा शेटनी घास गिळला, तांब्या उचलला, पाणी प्याले. दुसरा घास, पुन्हा तांब्या.

ताट बाजूला सारलं असतं तर सुटले असते. पण मी मोठ्या दिमाखात प्रसाद म्हणून बसले होते, आणि लिंगायत माणूस प्रसादाचा कण टाकत नाही. ताट पुसून खायचं, वर ताट धुऊन ते पाणीही प्यायचं. माणसं एकेक घास असा घ्यायला लागली, जसा कडू काढा घेतात. तांबे वर जायचे, खाली यायचे. चैत्राचं ऊन डोक्यावर.

मला राहवेना. मी पुढं झाले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "टाका ताटात! मीठ दोनदा पडलंय! माझं चुकलंय! प्रसाद नाही तो, साधी आमटी आहे!"

आयुष्यातलं माझं पहिलं आणि शेवटचं जाहीर भाषण ते. समईचा त्यात उल्लेख नव्हता.

गुरुजी पांढरे पडले आणि जवानाकडं बघायला लागले. जवानाच्या डोळ्यांत पाणी आलेलं. तो म्हणाला, "तकरीर नई है, साब. नमक की बात है, सच्ची है. पानी पिलाव!"

केरबा घागर घेऊन गेला आणि त्याला पाणी वाढलं. मग पोरांना वाढत वाढत ओळीनं पुढं आला. तोवर पंचांचे तांबे कोरडे. शेटच्या ताटात अजून निम्मी आमटी, आणि नंतर ताट धुवायचं होतं. 'प्रसाद नाही' हे माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. पण एकदा फोटोपुढं ठेवलेला नैवेद्य स्वयंपाकिणीच्या म्हणण्यानं साधा होत नाही. त्यांनी तांब्या उपडा करून बघितला, हलवला, नोकराला हाक मारली. नोकर बैलगाडीपाशी, लांब. घसा सुकला तसं माणसाचं मराठी पळालं, घरची कानडी तोंडात आली.

"नीरु!" ते ओरडले. "नीरु तगोंड बा!"

पाणी आण, पाणी! केरबा समोरच उभा होता. तो थांबला. त्यानं स्वतःहून वाढलं नाही. घागर हातात धरून नुसता उभा राहिला. शेटनी त्याच्याकडं बघितलं, आण्णांच्या फोटोकडं बघितलं, आणि रिकामा तांब्या पुढं केला.

केरबानं भरला. शेट घटाघटा प्याले, मग ताटात पाणी घेऊन ताट धुतलं, तेही प्याले. त्यांच्यामागून बाकीचे चारही तांबे पुढं आले. एकाचा तांब्या इतका घाईत आला की केरबाच्या हाताला लागून वाजला.

मला रडू फुटत होतं, आणि गुरुजी कानाशी येऊन म्हणतात, "आक्का, काय डोकं चालवलंत!"

"गुरुजी, शपथेवर सांगते, चुकलंय."

"असू द्या, असू द्या. असं म्हणायचंच असतं."

मी पंचांना सांगितलं, पोरांना सांगितलं, गावात बाजारच्या दिवशी सांगितलं. कुणी विश्वास ठेवीना. जितकं नाकारावं तितकी मी हुशार ठरत गेले. खरं बोलून इतकं नाव झालेलं माणूस मुरुममध्ये दुसरं नसेल. शेट जाताना तांब्या झटकत म्हणाले, "पोरी, मला मिठानं मारलंस. रांजणाचं पुढच्या वर्सी बगू." आणि घरी जाऊन त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं.

पण दाणा बंद झाला नाही. मी आनंदानं केरबाला शोधत गेले. तो रांजणात पाणी ओतत होता.

"बघितलंस? शेट प्याले!"

"व्हय," तो म्हणाला. "घसा जळल्यावर कुणीबी पितंय, आक्का. आण्णानं रांजण तेवढ्यासाठी ठिवला न्हवता."

माझा आनंद जागेवर बसला. राग आला, कारण बरोबर बोलला होता. विसाव्या वर्षी बरोबर बोलणाऱ्याचा फार राग येतो. पण तो सास्तूरला गेला नाही. वर्षभरासाठी थांबला. रोज अभ्यास करायचा आणि रोज एकदा रांजणाकडं बघायचा, जसं कुणी मुदतीच्या घरात राहतं.

वर्ष गेलं. त्याची मॅट्रिकची परीक्षा झाली, निकाल यायचा होता. पुन्हा चैत्र, पुन्हा फोटोला हार. या खेपेला मी भाषण रचलं नाही. म्हैस माझी वाट बघून गोठ्यात बसली. मिठाचा मात्र मी असा धसका घेतला होता, की सकाळपासून मिठाचं मडकं फडक्यात बांधून स्वतःच्या कमरेला लावून फिरत होते. कोंडाबाईला मडक्याच्या आसपास फिरकू दिली नाही. "मीठ न्हाय, सोनं हाय जनू," ती म्हणाली आणि रुसून भाकरी थापत बसली.

पंच आले. मी आधी त्यांच्या हातांकडं बघितलं. चौघांच्या हातांत तांबे होते. सिद्रामप्पा शेटचे हात रिकामे.

गुरुजींनाही दिसलं. ते चाचरत म्हणाले, "शेट, तांब्या गाडीत राहिला का? आणवू?"

"न्हाय राहिला," शेट बसत म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण कुणाकडंही न बघता, म्हणाले, "त्या दिशी पाणी प्यालो. आंगुळ केली. मग वाट बगत बसलो. म्हनलं, आता कायतरी व्हनार. आडत बुडंल, बैल मरंल, कायबी. वरीसभर बगितलं. काय झालं न्हाय. उलटा नातू झाला." त्यांनी समोरचं रिकामं जर्मनचं भांडं केरबाकडं सरकवलं. "वाढ."

अजून ताटात काही पडलं नव्हतं. भाकरी नाही, आमटी नाही. या खेपेला खारटानं जळलेला घसा नाही. केरबानं पाणी वाढलं. थोडं कडेला सांडलं. शेटनी भांडं उचललं, सावकाश, सगळं प्याले आणि खाली ठेवलं. बाकीच्या चौघांनी आपापल्या तांब्याकडं असं बघितलं, की जणू तांबेच कुणी दुसऱ्याचे.

मग वाढप सुरू झालं. शेटनी आमटीत भाकरी कुस्करली, घास घेतला, थांबले. माझ्याकडं वळले.

"पोरी, मीठ कुठाय?"

मी कमरेला हात लावला. मडकं तसंच, फडक्याची गाठ तशीच. सकाळपासून ते राखण्यात मी इतकी गुंतले होते, की आमटीत एक खडाही घातला नव्हता. पंगतभर हसू पसरलं. कोंडाबाई भाकरी टाकून बाहेर आली आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली. मी शरमेनं मडकं कमरेवरून उतरवून गाठ सोडायला लागले, ती सुटेना. केरबानं मडकं माझ्या हातातून घेतलं, दातानं गाठ सोडली आणि पंगतीला मीठ वाढत निघाला.

शेटपाशी येऊन तो थांबला. पाणी वरून पडतं, मीठ बोटांनी ठेवावं लागतं. त्यानं मडकं पुढं धरलं, म्हणजे शेटनी हवं तर स्वतः घ्यावं.

शेटनी मडक्याकडं बघितलं नाही. ताटच त्याच्या बाजूला सरकवलं.

"तूच घाल की. दोन बोटं. आक्काच्या हिशेबानं नगं."